पान वाढलंय

१

रविवार उजाडला की गुरुदत्त कर्णिक गिरगावातले जिने चढायला बाहेर पडे. लीड्सहून कापडाची विद्या शिकून परतल्याला त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. त्याच्या वयाचे लोक रविवारी सासुरवाडीला नाहीतर सिनेमाला जात. हा मात्र फणसवाडीत, झावबाच्या वाडीत, ठाकूरद्वारच्या बोळांत दारं वाजवून विचारी, "तुमच्याकडे काही जुनं फर्निचर काढायचंय का?"

अंगात इस्त्रीचा शर्ट असायचा म्हणून लोक त्याला भंगारवाला समजत नसत. आणि घासाघीस करायचा नाही, म्हणून गिऱ्हाईकही समजत नसत. आत घेत, पाणी देत, आणि मग तो आपलं म्हणणं मांडी. लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर त्यानं गिरणीकामगारांसाठी वाचनालय उघडलं होतं. भिंतीवर त्यानं स्वतः रंगवलेला महाराष्ट्राचा नकाशा होता, त्यात मुंबई शेंदरी रंगाची. राज्य अजून द्वैभाषिक होतं, पण नकाशा नव्हता. आता या खोलीला बसायला खुर्च्या हव्या होत्या, आणि त्या याच घरांतल्या हव्या होत्या. "ज्या खुर्च्यांत बसून आपल्या आजोबा-पणजोबांनी साहेबाला अर्ज लिहिले," तो म्हणे, "त्याच खुर्च्यांत बसून आता कामगार स्वतःचं राज्य मागेल." हे बोलताना त्याचे कान लाल होत. कुणाला ते ऐकून भरून येई. कुणी माळ्यावरचं मोडकं स्टूल काढून देई आणि वर दोन लाडू खाऊ घाली.

घरी परतला की आई, कौसल्याबाई, विचारी, "आज काय मिळालं रे?"

"एक तिपाई. आणि उपदेश."

"अण्णा असते तर तुझ्याबरोबर हिंडले असते," आई म्हणे, आणि विषय तिथंच संपे. गुरुदत्त लीड्सला असतानाच अण्णा, त्याचे वडील, गेले होते. पत्र हातात पडलं तेव्हा इकडे तेरावाही उरकला होता. जेवणघरात अण्णांचा पाट भिंतीशी उभा करून ठेवलेला असे. त्याच्याकडे दोघंही फारसं बघत नसत.

२

आरामखुर्चीची गोष्ट त्याला लीला त्रिलोकेकरनं सांगितली. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. समितीच्या एका सभेत ओळख झाली होती.

"भाईंची आहे. भाई म्हणजे माझे वडील. गेले ते गेल्या वर्षी. पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं देतोय, आणि मागच्या खोलीत ती मावत नाही. लिलावात घालायला आई तयार नाही. वाचनालयाला देईन म्हणाली."

तो गेला तेव्हा लीला बाहेर गेली होती. दार तिच्या आईनं, सुमतीबाईंनी उघडलं. ठेंगण्या, हसऱ्या. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "वाचनालयवाले ना? बसा. तिथं नको हं. इकडे, या स्टुलावर."

खुर्ची खिडकीशी होती. ब्रह्मदेशी सागाची, वेतानं विणलेली. हात लांबलचक, आणि त्यांच्याखालून फिरवून पुढे काढायच्या दोन फळ्या, त्यांवर पाय टाकून पडायचं. गुरुदत्तला ती पाहताक्षणी आवडली. ती खुर्ची नव्हतीच, एक अख्खी दुपार होती.

"जरा थांबा," सुमतीबाई आतून म्हणाल्या. "वरण उतरतंय. पान वाढते, मग न्या."

त्यानं आत डोकावून पाहिलं. पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळीची रेघ, शेजारी तांब्या, समोर केळीचं पान. त्याला संकोच वाटला. त्या सकाळी आधीच दोन घरी त्याला आग्रहानं जेवायला घातलं होतं आणि हातगाडीवाला खाली उन्हात उभा होता. गिरगावात जेवणाला नाही म्हणायचं तर पळच काढावा लागतो, हे तो परदेशी राहूनही विसरला नव्हता.

"नको काकू, खरंच जेवून आलोय," असं म्हणत त्यानं हातगाडीवाल्याला वर बोलावलं आणि दोघांनी खुर्ची उचलली.

जिन्यात हातगाडीवाला थांबला. "साहेब, हिच्यात दगड भरलेत काय?"

"ब्रह्मदेशी साग आहे," गुरुदत्त म्हणाला.

खाली गाडीवर खुर्ची बांधत असताना वर गॅलरीत सुमतीबाई आल्या आणि वाकून काहीतरी ओरडून सांगू लागल्या. हातात पळी तशीच. ट्राम जात होती, तिच्या खडखडाटात एक शब्द कळला नाही.

"पुढच्या वेळी नक्की जेवेन, काकू," त्यानं खालून हात हलवून सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी त्यानं वाचनालयाचं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, टेबलं पुसली. खुर्ची पुसताना त्याचा तळहात बैठकीच्या वेतावर टेकला आणि तिथंच राहिला.

वेत कोमट होता. आत्ताच कुणी उठून गेल्यावर असतो तसा.

गुरुदत्तनं हात काढून पाठीला लावला. पाठही कोमट, खांद्यांपर्यंत. त्याच्या वर थंड.

त्याला हसू आलं. खोलीच्या पलीकडे जाईबाईची खाणावळ होती, तिच्या चुली पहाटेपासून धडधडत. भिंत तापत असणार. त्यानं भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती. पण विज्ञान शिकलेला माणूस एका पुराव्यावर थांबत नाही. त्यानं खुर्ची ओढून समोरच्या भिंतीशी नेली, रस्त्याच्या बाजूला, आणि कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथंही कोमट होती. आणि पाय टाकायच्या फळ्या, ज्या त्यानं रात्री हातांखाली नीट सरकवल्या होत्या, पुढे फिरवलेल्या होत्या. दोन्ही. आरामात.

खिळे सैल झाले असतील, असं त्यानं ठरवलं. फळ्या आत ढकलून पाहिल्या. त्या घट्ट होत्या, ढकलायला जोर लागला.

४

वाचनालयात संध्याकाळी पहिली पाळी सुटली की माणसं येत. निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून गुरुदत्त वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवी. सभेच्या बातम्या, सीमेवरच्या गावांचे ठराव, दिल्लीत कोण काय बोललं ते. तो वाचू लागला की त्याचा आवाज आपोआप चढे. मग कुणीतरी म्हणे, "मास्तर, सावकाश. आम्ही खंय पळून जातंव?"

हे म्हणणारा बहुधा दौलत असे. सावंतवाडीकडचा, गिरणीत यंत्रावर काम करणारा सांचेवाला, जिभेचा तिखट. तो रोज सगळ्यात आधी येई, आरामखुर्चीला वळसा घाली आणि बाकावर बसे. त्या खुर्चीत कुणीच बसत नसे. गर्दीच्या दिवशी माणसं भिंतीला टेकून उभी राहत, तरी नाही.

"दौलत, ती काय शोभेला ठेवलीय? बस ना."

"नको ओ." दौलत ओशाळून हसला. "थंय कोणतरी आताच उठान गेलो असां वाटता. परत इलो तर? माणसाची जागा धरू नये."

गुरुदत्तनं त्यावर जागा, हक्क आणि मालकी यांवर छोटंसं भाषण दिलं. सगळ्यांनी ते ऐकलं आणि उभेच राहिले.

खरं तर तो स्वतःही तिच्यात बसला नव्हता. पण वाचायला बसताना त्याची खुर्ची हळूहळू तिच्या समोर सरकत गेली होती. वाचता वाचता वेत करकरे. अगदी बारीक, एखादा माणूस ऐकताना अंग सैल सोडतो तसा. कंटाळवाणं निवेदन आलं की काही नाही. सभेतला एखादा चांगला टोला आला की करकर.

लहानपणी तो अण्णांना असंच वाचून दाखवी. अण्णांची नजर अधू होती. अग्रलेख आवडला की ते बोटानं गुडघ्यावर टिचकी मारत, म्हणजे पुन्हा वाच. लीड्सला निघताना गुरुदत्तनं आईला विचारलं होतं, आता अण्णांना वाचून कोण दाखवणार? आई म्हणाली होती, बघू. कुणीच दाखवलं नव्हतं.

हे अण्णा नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लाकूड तापतं, निवतं, आवाज करतं, हेही ठाऊक होतं. तरी माणसं पांगली की तो आणखी थोडं वाचत बसू लागला. मग रविवारीही येऊ लागला, सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत. जिने चढायचे बंद झाले. आता फर्निचर पुरे झालं, असं त्यानं आईला सांगितलं.

५

लीला आली तेव्हा तिनं आधी नकाशा पाहिला, मग खुर्ची, मग त्याच्याकडे.

"मी भांडायला आलेली नाही," ती म्हणाली. "आई जेवत नाहीये."

"आजारी आहेत?"

"डॉक्टर म्हणतात, काही नाही. रोज दुपारी ती पान वाढते, पाटासमोर बसते आणि वाट बघते. संध्याकाळी ते गाईला घालते. माझ्यासमोर दोन घास खाते, माझ्या समाधानाला. बांगड्या कोपरापर्यंत जातात आता तिच्या."

गुरुदत्तला कळेना.

"आमच्याकडे भाईंना हाक मारल्याशिवाय ते त्या खुर्चीतून उठत नसत," लीला म्हणाली. "भूक लागो, घड्याळ वाजो. आई दारात यायची, म्हणायची, पान वाढलंय, उठा. मग ती पुढे आणि ते मागे. ती वळून बघायची नाही. ते पाटावर बसले की मग तिचं जेवण. लग्न झाल्यापासून तसंच. ते गेले तरी तिनं सोडलं नाही. रोज हाक मारायची, रोज पुढे चालायची. म्हणायची, आले, बसले. आणि मग पोटभर जेवायची. मी आधी रागावले. मग म्हटलं, जेवतेय ना."

"आणि त्या दिवशी..."

"त्या दिवशी तिचं म्हणणं एवढंच होतं, की त्यांना उठवते, पाटावर बसवते, मग खुर्ची न्या. तिनं तुम्हाला थांबायला सांगितलं होतं म्हणाली."

गुरुदत्तच्या डोळ्यांपुढे ती रांगोळीची रेघ आली. ते केळीचं पान. आपण किती नम्रपणे नको म्हणालो होतो.

"मला वाटलं, ते माझ्यासाठी होतं," तो म्हणाला.

लीला हसली नाही. "ती म्हणते, तुम्ही त्यांना बसलेलेच उचलून नेलंत. माझा यावर विश्वास नाही, गुरुदत्त. पण ती जेवत नाही, यावर आहे."

"खुर्ची उद्याच परत पाठवतो," तो म्हणाला. बरोबर तेच बोलला. पण म्हणताना त्याला लहान मुलासारखं वाटलं, आपलं काहीतरी कुणी काढून नेतंय असं.

६

तोच हातगाडीवाला आला. त्यानं खुर्ची एकट्यानं उचलली, डोक्यावर पालथी घातली आणि शीळ घालत निघाला.

"दगड काढून टाकले वाटतं साहेब," तो म्हणाला.

गुरुदत्त बरोबर गेला. ठाकूरद्वारला सुमतीबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून तो चरकला. ओठांवर हसू तेच होतं, पण गाल आत गेले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, जवळ येऊन बैठकीवर हात ठेवला, आणि हळूच काढला.

"तुम्हाला उगाच त्रास झाला हो," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. "पण ही रिकामीच आणलीत."

संध्याकाळी त्यानं वर्तमानपत्र उघडलं. आरामखुर्ची जिथं होती तिथं फरशीवर चार ठसे उरले होते. आता काही ऐकू येणार नाही, असं मनाशी म्हणत त्यानं वाचायला सुरुवात केली. हळूहळू माणसं पांगली. दौलत तेवढा राहिला, बाकाच्या टोकाला, गुडघ्यावर हात ठेवून.

वाचता वाचता गुरुदत्त थांबला.

त्या बाकाची एक खोड होती. एकट्या माणसानं टोकाला बसायचं नाही. बसलं की दुसरं टोक वर उचले आणि बसणारा जमिनीवर. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकानं एकेकदा आपटून घेतलं होतं, दौलतनं तर दोनदा. आज तो टोकाला, एकटा, निवांत बसला होता आणि बाक जमिनीला घट्ट धरून होतं.

"काय झालां, मास्तर?"

"काही नाही. हलू नकोस."

तो उठला, बाकाच्या दुसऱ्या टोकाशी गेला आणि फळीवर तळहात ठेवला. फळी कोमट होती. त्यानं हात थोडा अलीकडे, मधल्या जागेवर आणला. तिथं फळी थंड असायला हवी होती. तिथंही ती कोमट होती.

हे केव्हापासून आहे, हे त्याला आठवेना. बाकाला त्यानं कधी हातच लावून पाहिला नव्हता.

त्यानं जागेवर येऊन राहिलेली बातमी पुरी केली. आवाज नेहमीसारखा ठेवण्याचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला. बातमी संपली तसं पलीकडच्या टोकाला लाकूड करकरलं. मग, जरा थांबून, मधून एक आवाज आला. करकर नव्हे. बोटानं मारलेल्या टिचकीसारखा.

"पुन्हा वाचू?" असं त्याच्या तोंडून गेलं.

"नको ओ, मिया ऐकलंय," दौलत म्हणाला.

७

रविवारी लीला आली ती आईचा निरोप घेऊन. सुमतीबाईंना आता जिना उतरवत नव्हता. "ती म्हणाली, ते खुर्चीचे नाहीत, वाचनाचे आहेत. तूच जाऊन हाक मार. पान वाढून ठेवते."

रस्त्यावर ऊन रखरखत होतं, खाणावळीतून माशाच्या कालवणाचा वास येत होता. भुतांची म्हणून ही वेळच नव्हती. दौलत बाकावर होता. काय चाललंय हे त्याला अर्धंमुर्धं सांगितलं होतं, तेवढं त्याला पुरलं. "मिया हलूचंय नाय," एवढंच तो म्हणाला.

लीला दारात उभी राहिली. आईसारखीच, चौकटीला हात लावून.

"भाई," ती म्हणाली. "पान वाढलंय. उठा."

काही झालं नाही. बाहेर एक फेरीवाला ओरडत गेला.

"भाई, आई थांबलीय."

बाक तसंच. लीला गुरुदत्तकडे वळली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की वर्तमानपत्र अजून आपल्या मांडीवर उघडं आहे. नुसतं उघडं नाही, बोट ओळीवर आहे. सकाळपासून तो वाचत होता. लीला आली, तेव्हा तो थांबला होता, संपवलं नव्हतं. आणि संपवायचं त्याच्या मनात नव्हतं. गेला महिनाभर आपण बातम्या संपल्या की जाहिराती वाचतोय, भाव वाचतोय, बोटींची वेळापत्रकं वाचतोय, हे त्याला एकदम दिसलं. त्यांना खुर्चीनं धरून ठेवलं नव्हतं. त्यानं धरून ठेवलं होतं. तिकडे गिरगावात एक बाई वाळत चालली होती आणि इकडे हा राज्य मागत, अग्रलेख वाचत, दुसऱ्याच्या घरचा माणूस बसवून घेऊन बसला होता.

त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा घडी घातली.

"आजचं संपलं," तो बाकाकडे न बघता म्हणाला. लीलाच्या शेजारी, दाराशी जाऊन त्यानं पाठ फिरवली, आणि जे कधीच म्हणायला मिळालं नव्हतं ते म्हणाला, "उठा आता, अण्णा. पान वाढलंय."

नाव चुकलं हे त्याला म्हटल्यावर कळलं.

मागे बाकाचे पाय फरशीवर घासले. कुणीतरी हाताचा रेटा देऊन उठावं तसे, सावकाश. लीलानं त्याचं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

मग ते पाय पुन्हा घासले, आणि लगेच धाडकन आवाज झाला, आणि दौलत जमिनीवरून अगदी शांतपणे म्हणाला, "मास्तर, आता बाक रिकामां असा."

८

नाक्यावर व्हिक्टोरिया उभी होती. मोठ्यांना मागची मोठी बैठक द्यायची, हे दोघांनीही न बोलता धरलं होतं. ती दोघं गाडीवानाच्या पाठीशी असलेल्या छोट्या बैठकीवर बसली, आणि मग त्यांना कळलं, की आता तोंड त्यांच्याकडेच झालं. वळून बघायचं नाही म्हणणं सोपं असतं. समोर बघायचं नाही, हे कसं करायचं?

गुरुदत्तनं आपल्या चपलांच्या अंगठ्याकडे नजर लावली. लीलानं डोळे मिटले.

गाडी मागच्या बाजूला खचली. पुन्हा खचली. गाडीवानानं लगाम हातात घेतले आणि घोड्याशी बोलल्यासारखा बोलला, "चार सवारी है, बेटा. पूल पे सम्हाल के."

कुणी त्याला दुरुस्त केलं नाही.

भायखळ्याच्या पुलावर घोडा खरोखरच हळू झाला. गाडीला हादरा बसला आणि गुरुदत्तची नजर चपलांवरून निसटून वर गेली. फार नाही, समोरच्या बैठकीच्या कडेपर्यंत. काळं कातडं, जागोजागी चिरलेलं. त्यात दोन खळगे पडले होते, शेजारी शेजारी. एक रुंद, ऐसपैस बसणाऱ्याचा. दुसरा लहान, कडेला. अंग चोरून बसलेल्या माणसाचा.

अण्णा बसमध्ये असेच बसत. दुसऱ्याला जागा कमी पडू नये म्हणून.

त्यानं नजर पुन्हा चपलांवर आणली. त्याला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की हा रस्ता चर्चगेटला, कुलाब्याला, कुठेही जावो, इतक्यात संपू नये.

ठाकूरद्वारला लीला उतरली, आणि मागे न बघता जिना चढू लागली. गाडी एका बाजूनं हलकी झाली. गुरुदत्त काही अंतर ठेवून वर गेला, भिंतीला घासून, जिन्याची मधली जागा सोडून. सुमतीबाई दारात होत्या, भिंतीला धरून. लीला आली, तशा त्यांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, डोक्यावरून पदर ओढला, आणि अशा सुरात म्हणाल्या की गुरुदत्तनं खाली मान घातली.

"किती वेळ तो. वरण निवलं ना. हात धुवून घ्या."

आत पाट करकरला. थोड्या वेळानं लीला बाहेर आली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"जेवतेय," ती म्हणाली. "मला म्हणाली, लोणचं आण. तुम्हीही बसा ना."

"पुढच्या वेळी," गुरुदत्त म्हणाला. "खाली गाडी थांबलीय."

९

गाडीत तो पुन्हा छोट्या बैठकीवर बसला. समोर बघायचं नाही, असं ठरवायची गरजच पडली नाही, मान वर होईना.

"अब किधर, साब?"

"मुगभाट."

दोन वळणांचा रस्ता. त्याच्या चाळीच्या दाराशी गाडी थांबली. घोड्यानं मान झटकली. गुरुदत्त उतरला आणि खांबाशी तोंड करून थोडा थांबला, म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरायला वेळ लागतो म्हणून. मग तो पुढे झाला.

जिना अंधारा होता, भर दुपारीही. त्याच्या चपला वाजत होत्या. त्यांच्या मागे, एक पायरी सोडून, दुसरं काहीतरी वाजत होतं. भाईंना, म्हणजे मनमोहनराव त्रिलोकेकरांना, त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ठाकूरद्वारला कोण उतरलं, हेही त्यानं पाहिलं नव्हतं. मागून येणारी पावलं अण्णांचीच, असं त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. एकदा वळलं तर कळलं असतं. त्याची मान वळायला इतकी आतुर झाली होती, की त्यानं जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. शेवटच्या वळणावर मागचा माणूस धाप लागून थांबला. गुरुदत्तही थांबला. दोघं मिळून पुढे निघाले.

त्यानं कडी वाजवायच्या आत दार उघडलं गेलं.

आई उभी होती. लुगड्याला पीठ लागलेलं. तिनं गुरुदत्तकडे पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून ती जिन्याकडे बघत राहिली, बराच वेळ, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी भय उमटलं. मग ते निवळलं. मग ती बाजूला झाली, दोन माणसांना वाट द्यायला व्हावं तितकी.

"पोरगा बोलवायला गेला तेव्हा आलात," ती म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीशी उभा केलेला पाट तिनं आडवा केला.